शाळा, बिऱ्हाड आणि भाव : मुंबईतील मध्यमवर्गीय घरखरेदीचा इतिहास

मुंबईत पहिले घर विकत घेऊ पाहणारे मध्यमवर्गीय कुटुंब जे दोन प्रश्न हमखास विचारते, त्यांपैकी एक जवळच्या शाळेविषयीचा असतो आणि दुसरा, पुढेमागे हे घर विकावे लागले तर त्याचे किती येतील, याविषयीचा. दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारले जात असल्यामुळे ते सारखेच जुने असावेत असा समज होतो. वस्तुतः त्यांच्या वयात सुमारे ऐंशी वर्षांचे अंतर आहे. शाळेसाठी गाव किंवा वस्ती बदलण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत रुजली, तर घराच्या पुनर्विक्रीचा, म्हणजे एकदा घेतलेले घर खुल्या बाजारात दुसऱ्यास विकून मोबदला मिळवण्याचा विचार, १९६० नंतरच्या कायद्यांनी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला. या दोन्ही धाग्यांचा इतिहास एकत्र वाचला, तर असे दिसते की दादर, शिवाजी पार्क, पार्ले यांसारख्या वस्त्यांचा लौकिक घडवण्यात तेथील शाळांचा वाटा मोठा होता. परंतु त्या लौकिकाचे पैशात रूपांतर करण्याची सोय झाली आणि त्यानंतर काही दशकांतच त्या शाळा व ती घरे यांची फारकत सुरू झाली. आजचा खरेदीदार ‘शाळा की भाव’ असा हिशेब मांडतो, तेव्हा तो या फारकतीचाच हिशेब मांडत असतो.

आरंभीच्या काळात मराठी मध्यमवर्गाचे मुंबईतील राहणे हे बिऱ्हाडाचे राहणे होते. बिऱ्हाड या शब्दात भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि माणसे यांचा समावेश होतो, भिंतींचा होत नाही; भिंती घरमालकाच्या असतात आणि त्यांचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यायचे असते. कोकणातून आणि देशावरून आलेले कारकून, शिक्षक, रेल्वेचे व पेढ्यांचे नोकर गिरगाव, ठाकुरद्वार या भागांतील चाळींत एका किंवा दोन खोल्यांत राहत, आणि त्यांची शिल्लक पडे ती गावाकडच्या घरावर, शेतावर, सोन्यावर किंवा मुलींच्या लग्नांवर खर्ची पडे. मुंबईतील खोलीत भांडवल अडकलेले नसल्यामुळे तिच्या निवडीत कचेरीचे अंतर, पाण्याचा नळ, शेजार आणि शाळा एवढ्याच गोष्टींचा विचार करावा लागे. १८९७ मध्ये स्थापन झालेल्या आर्यन एज्युकेशन सोसायटीसारख्या संस्थांच्या शाळा गिरगावात उभ्या राहिल्या, त्या या बिऱ्हाडांच्या मुलांसाठीच.

पुण्याचे उदाहरण याच्या थोडे आधीचे टोक दाखवते. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालय आणि १८८४ मध्ये मुलींसाठी हुजूरपागा या शाळा पुण्याच्या पेठांत सुरू झाल्या, तेव्हा बाहेरगावचे अनेक विद्यार्थी एकटेच पुण्यास येत, एखादी खोली धरत आणि माधुकरी मागून किंवा वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवून, शिक्षण पुरे करत. शाळेसाठी आधी मुलगा हलला आणि कुटुंब पुढच्या पिढीत हलले, हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. कारण कुटुंबच शाळेजवळ बिऱ्हाड करू लागले, तेव्हा शाळा हा वस्तीच्या प्रतिष्ठेचा भाग झाला.

मुंबईत या प्रक्रियेला नगररचनेची जोड मिळाली ती प्लेगमुळे. १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ आली, दाट वस्तीच्या चाळी हे तिचे एक कारण मानले गेले, आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर सुधारणेसाठी जमिनी संपादून नव्या वस्त्या आखणारे मंडळ, कायद्याने स्थापन झाले. या ट्रस्टने शहराच्या तत्कालीन उत्तर टोकाला दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागांत रुंद रस्ते, मोकळी मैदाने, बागा आणि मर्यादित उंचीच्या इमारती यांची योजना आखली, भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिले, आणि राहण्याच्या जागांबरोबर संस्थांसाठीही जागा ठेवल्या. हिंदू कॉलनी आणि पारसी कॉलनी ही या आखणीची ठळक उदाहरणे होत. दादर येथे १९१२ मध्ये सुरू झालेली किंग जॉर्ज शाळा, जी पुढे राजा शिवाजी विद्यालय या नावाने ओळखली जाऊ लागली, माटुंग्यात १९२३ मध्ये आलेली व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, १९३२ मध्ये स्थापन झालेली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी, १९३७ चे रुइया महाविद्यालय आणि १९४१ चे पोदार महाविद्यालय, अशी शिक्षणसंस्थांची साखळी तीन दशकांत या एका पट्ट्यात उभी राहिली. महानगरपालिकेने मोफत आणि सक्तीचे प्राथमिक शिक्षण १९२५ मध्ये प्रथम एफ आणि जी या प्रभागांत लागू केले, आणि दादर-माटुंगा याच प्रभागांत मोडत असल्यामुळे पहिलीपासून पदवीपर्यंतचे शिक्षण पायी जाण्याच्या अंतरात मिळू शकेल असा भूभाग तयार झाला. अर्थात सक्तीच्या शिक्षणाचा हेतू मुख्यतः परळ-वरळीच्या गिरणगावातील मुलांना शाळेत आणण्याचा होता. त्याच प्रभागांच्या दुसऱ्या अंगाला मध्यमवर्गाच्या खाजगी शाळा भरभराटीस आल्या, आणि पालिकेची शाळा व संस्थेची शाळा हा भेद वस्त्यांच्या भेदाशी जोडला गेला.

मालकीच्या घराची कल्पना याच काळात वेगळ्या मार्गाने आली. १९१५ मध्ये गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही संस्था आशियातील पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते. तिचे स्वरूप ज्यास भाडेकरू सहभागीदारी म्हणतात त्या प्रकारचे होते, म्हणजे जमीन व इमारत संस्थेची, सभासदाकडे संस्थेचे भाग आणि राहण्याचा हक्क, आणि दरमहा द्यायची रक्कम संस्थेलाच. या रचनेत सभासद घरमालकाच्या मर्जीतून सुटत असे. परंतु जागा सोडायची झाल्यास ती बाजारात चढ्या दराने विकावी, असा या योजनेचा हेतूच नव्हता. एकाच समाजातील, बहुधा एकाच भाषेच्या आणि सारख्या शिक्षणाच्या कुटुंबांनी एकत्र राहावे, मुलांना सोबत आणि शेजार मिळावा, हा तिचा गाभा होता. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील सहकारी घर हे मालकीचे असले तरी ‘भावाचे’ नव्हते, असे म्हणता येते.

शाळा आणि वस्ती यांचा संबंध सर्वाधिक स्पष्ट दिसतो तो विलेपार्ले येथे. मुंबई शहराच्या तत्कालीन हद्दीबाहेरच्या या उपनगरात मराठी कुटुंबे घरे बांधून किंवा भाड्याने राहू लागली होती. लोकमान्य टिळकांच्या निधनानंतर वर्षभराच्या आत, जून १९२१ मध्ये, स्थानिक रहिवाशांनी पार्ले टिळक विद्यालयाची स्थापना केली. शाळा आधी आणि रहिवासी नंतर असा येथे क्रम नव्हता. थोड्या रहिवाशांनी शाळा काढली आणि शाळेने पुढचे रहिवासी आणले. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली हा लोहमार्ग विजेवर चालू लागल्यावर शहरातील कचेरी आणि उपनगरातील घर यांमधील अंतर वेळेच्या हिशेबाने घटले, आणि वडिलांनी गाडीने शहरात जावे, मुलांनी चालत शाळेत जावे, अशी दिनचर्या शक्य झाली. १९५० मध्ये पार्ले बृहन्मुंबईत सामील झाले तेव्हा त्याचे सांस्कृतिक व्यक्तित्व पुरते घडलेले होते. शिवाजी पार्कच्या परिसरात १९४० मध्ये दादासाहेब रेगे यांनी सुरू केलेल्या बालमोहन विद्यामंदिराने हेच कार्य त्या वस्तीत केले. या शाळांतील शिक्षक बहुधा आसपासच राहत, नाट्यगृहे, व्याख्यानमाला, ग्रंथालये आणि मैदाने यांभोवती तीच मंडळी पुन्हा भेटत, आणि ‘चांगली शाळा’ या शब्दाने परीक्षेच्या निकालाइतकाच हा सगळा परिसर सुचवला जाई.

या व्यवस्थेत पैशाचा प्रश्न आणला तो भाडेनियंत्रणाने. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, मुंबईत भाडेवाढीवर निर्बंध घालणारा कायदा झाला होता. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे, म्हणजे कायद्याने मान्य केलेले कमाल भाडे, साधारणतः १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्याशी बांधून टाकले. महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले, त्यामुळे भाडेकरूला जागा सोडण्यात तोटा दिसू लागला, मालकाला दुरुस्ती परवडेनाशी झाली, आणि भाड्याने देण्यासाठी नव्या इमारती बांधण्यात कोणाला स्वारस्य उरले नाही. बिऱ्हाड हलवण्याची जुनी मोकळीक यातून संपली. पूर्वी मुलाची शाळा बदलली, नोकरी बदलली किंवा कुटुंब वाढले की दुसरी खोली पाहता येई. आता मिळालेली खोली धरून ठेवणे हाच शहाणपणा झाला, आणि जी शाळा त्या खोलीजवळ असेल ती पिढ्यान्‌पिढ्या त्या कुटुंबाची शाळा झाली.

जागेची टंचाई आणि गोठलेले भाडे यांच्या फटीत पागडीची पद्धत फोफावली. नव्या भाडेकरूने जागेत शिरण्यासाठी एकरकमी पैसे द्यायचे, त्यांतील मोठा भाग जाणाऱ्या भाडेकरूने आणि प्रघाताप्रमाणे तिसरा हिस्सा घरमालकाने घ्यायचा, आणि त्यानंतर नाममात्र भाडे देत राहायचे, असा हा व्यवहार असे. १९४७ च्या कायद्याने अशी रक्कम घेणे गुन्हा ठरवले होते, तरी व्यवहार थांबला नाही. अखेर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याने तो मान्य केला. पुनर्विक्रीच्या इतिहासात पागडीला महत्त्वाचे स्थान आहे, कारण ज्या जागेची मालकीच भाडेकरूकडे नव्हती तिचा बाजारभाव याच पद्धतीने प्रथम ठरू लागला. एकाच भाड्याच्या दोन खोल्यांची पागडी वेगवेगळी असे, आणि त्या फरकात स्टेशनचे अंतर, पाणी, शेजार यांबरोबर वस्तीचा लौकिक, म्हणजेच अंशतः शाळेचा लौकिक, मोजला जाई. शाळेला किंमत आली ती अशी, उघड नोंद न होता.

हा व्यवहार कायदेशीर मालकीच्या कक्षेत आणण्याचे काम दोन कायद्यांनी केले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याने गृहनिर्माण संस्थांना आणि त्यांतील भागांच्या हस्तांतरणाला निश्चित चौकट दिली. महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स अधिनियम, १९६३, ज्यास व्यवहारात मोफा म्हणतात, त्याने बांधकाम व्यावसायिक आणि खरेदीदार यांच्यातील संबंधांचे नियमन केले. इमारतीतील स्वतंत्र व स्वयंपूर्ण जागा म्हणजे फ्लॅट, त्यासाठी किमतीच्या वीस टक्क्यांहून अधिक आगाऊ रक्कम घेण्यापूर्वी लेखी करार, त्या कराराची नोंदणी, पुढे खरेदीदारांची संस्था आणि अखेरीस जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून देणे, म्हणजे अभिहस्तांतरण, असा क्रम या कायद्याने घालून दिला. ‘ब्लॉक’ आणि ‘ओनरशिप’ हे शब्द मराठी घरांत रुळले ते याच काळात. सभासदाच्या हाती येणारा भागदाखला बहुधा पन्नास रुपये दर्शनी किमतीच्या पाच भागांचा असे, आणि त्या अडीचशे रुपयांच्या कागदाला जोडलेल्या राहण्याच्या हक्काची किंमत मात्र बाजार ठरवू लागला. सारस्वत संस्थेच्या काळात सहकाराने जी गोष्ट बाजारापासून दूर ठेवली होती, तीच आता सहकाराच्या कागदावर बाजारात आली.

संस्थांनी या बदलाला सहजासहजी वाट दिली नाही. जागा विकताना संस्थेची संमती लागे, आणि अनेक संस्था हस्तांतराच्या वेळी देणगीच्या नावाने मोठी रक्कम मागत. या अधिमूल्यावर शासनाने २००१ मध्ये महानगरपालिका क्षेत्रासाठी कमाल पंचवीस हजार रुपयांची मर्यादा घातली. सभासदत्व विशिष्ट समाजापुरते राखणाऱ्या संस्थांचा प्रश्नही होताच. अहमदाबादच्या एका पारसी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये असे निर्बंध उपविधींनुसार वैध ठरवले. या वादाचा आर्थिक अर्थ सरळ आहे : ज्या घराचे संभाव्य गिऱ्हाईक एका समाजापुरते मर्यादित, त्याची पुनर्विक्री तितकी अवघड. एकजिनसी शेजार हवा असणारे आणि चांगला भाव हवा असणारे, हे पुष्कळदा एकाच संस्थेचे, किंबहुना एकाच घरातले लोक होते.

पैशाची सोय मात्र अजून व्हायची होती. १९६० आणि १९७० च्या दशकांत पहिले घर घेणारा नोकरदार भविष्य निर्वाह निधीतील उचल, मालकाकडून किंवा आयुर्विमा महामंडळाकडून मिळणारे कर्ज, पत्नीचे दागिने आणि गावाकडच्या जमिनीचा तुकडा यांची मोट बांधत असे, आणि घर हाती येईतो त्याची उमेदीची वर्षे सरलेली असत. शाळेच्या वयाची मुले असताना शाळेजवळ घर घेणे ही चैन त्यामुळे फार थोड्यांना परवडे. १९७७ मध्ये हसमुखभाई पारेख यांनी हाउसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशनची, म्हणजे एचडीएफसीची, स्थापना केली आणि पगाराच्या आधारावर दीर्घ मुदतीचे गृहकर्ज मिळू लागले. १९८८ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँक आली आणि १९९० नंतर बँकाही या क्षेत्रात उतरल्या. परिणामी घर घेण्याचे वय खाली आले, आणि घरखरेदी व मुलाचा शाळाप्रवेश या दोन गोष्टी आयुष्याच्या एकाच टप्प्यावर येऊन ठेपल्या. दोन्ही प्रश्न एकाच दमात विचारले जाऊ लागले, त्याचे एक कारण हे आहे.

डोंबिवलीची वाढ हा या टप्प्याचा उत्तम नमुना ठरतो. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींत वाढलेल्या पिढीला त्याच वस्तीत ओनरशिपचा ब्लॉक परवडत नव्हता. मध्य रेल्वेवरील डोंबिवलीत तो परवडत होता. तेथे आलेल्या कुटुंबांनी पार्ल्याचाच कित्ता गिरवला : टिळकनगर, स. वा. जोशी यांसारख्या मराठी शाळांना बळ दिले, वाचनालये आणि व्याख्याने उभी केली, आणि उपनगराला सुशिक्षितांची वस्ती अशी ओळख मिळवून दिली. येथे घराला ‘पहिले घर’ म्हणण्याची भाषाही रूढ झाली, कारण पुढे बढती मिळाल्यावर ते विकून ठाण्याकडे किंवा पुन्हा शहराकडे सरकता येईल, ही अपेक्षा खरेदीतच गृहीत होती. आयकर कायद्याच्या कलम ५४ ने या सरकण्याला मदत केली, कारण घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा ठरावीक काळात दुसऱ्या घरात गुंतवला तर त्यावरील कर माफ होत असे. घर ही पायरी झाली. बिऱ्हाडाची हलती वृत्ती मालकीच्या वेषात परतली, मात्र या वेळी प्रत्येक हलण्याला मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली आणि हस्तांतर शुल्क यांचा खर्च जोडलेला होता.

याच सुमारास दुसऱ्या बाजूने शाळेचे स्वरूप पालटू लागले. १९८० नंतर मध्यमवर्गीय मराठी पालक मोठ्या प्रमाणावर इंग्रजी माध्यमाकडे वळले, आणि त्यानंतर माध्यमापाठोपाठ परीक्षा मंडळाचाही, म्हणजे राज्य मंडळ की केंद्रीय मंडळ, याचाही विचार सुरू झाला. ज्या संस्थांनी मराठी शाळांचा लौकिक घडवला होता त्यांपैकी काहींनी, पार्ले टिळक विद्यालय असोसिएशनप्रमाणे, स्वतःच इंग्रजी माध्यमाच्या शाळा काढल्या. तथापि अनेक मुले आता घराजवळच्या शाळेत न जाता पिवळ्या बसने दूरच्या शाळेत जाऊ लागली. शाळा आणि घर यांना बांधणारा पायी अंतराचा धागा तुटला. परंतु वस्तीचा भाव उतरला नाही. पार्ले आणि शिवाजी पार्क येथील घरांना ‘सुशिक्षितांची, शांत, संस्कारी वस्ती’ या लौकिकाचे मोल मिळत राहिले, आणि तो लौकिक ज्या मराठी शाळांनी घडवला त्यांत त्या घरांचे नवे मालक आपली मुले घालतीलच, असे राहिले नाही. शाळेची कमाई भावात मुरली होती आणि शाळेतील पटसंख्येशी तिचा संबंध क्षीण झाला होता.

याची तुलना अमेरिकेतील परिस्थितीशी केली तर मुंबईचे वेगळेपण स्पष्ट होते. तेथे सार्वजनिक शाळेचा प्रवेश पत्त्यावरून ठरतो आणि शाळांच्या खर्चाचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे शाळेची गुणवत्ता घराच्या किमतीत थेट उतरते. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ महिलेने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बोस्टनच्या उपनगरांतील शाळाक्षेत्रांच्या सीमेवरची, दोन बाजूंची सारख्या शेजारातील घरे ताडून पाहिली, आणि परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक मोजतात, असा निष्कर्ष काढला. अशी सीमारेषा मुंबईत कधीच नव्हती. कोठारी आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात परिसर-शाळेची, म्हणजे एका परिसरातील सर्व थरांतील मुलांनी एकाच शाळेत शिकण्याची, कल्पना मांडली, पण ती अमलात आली नाही. मुंबईतील खाजगी शाळेचा प्रवेश अर्ज, मुलाखत, भावंड, माजी विद्यार्थी असणे आणि पुष्कळदा देणगी यांवर अवलंबून राहिला. देणगीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राने १९८७ मध्ये कायदाही केला. शाळेच्या भिंतीला भिंत लागून घर असले तरी प्रवेशाची हमी नाही, ही येथील वस्तुस्थिती होती. ‘शाळा जवळ आहे’ हे जाहिरातीतील वाक्य म्हणूनच हक्क सांगत नाही, केवळ अंतर सांगते.

पत्त्याला शाळाप्रवेशात कायदेशीर वजन प्रथम मिळाले ते बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या अधिकाराचा कायदा, २००९ यामुळे, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी ठेवाव्यात, असे या कायद्याने ठरवले, आणि महाराष्ट्रात या जागांच्या सोडतीत शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील मुलांना, त्यानंतर तीन किलोमीटरपर्यंतच्या मुलांना प्राधान्य देण्याची पद्धत आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने जवळ शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेला या बंधनातून सूट देणारी अधिसूचना काढली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलै २०२४ मध्ये रद्द केली. पंचवीस टक्के जागांच्या या तरतुदीतील विसंगती लक्षणीय आहे. दुर्बल घटकासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख रुपये असल्यामुळे, शाळेजवळ राहण्याचा कायदेशीर लाभ प्रामुख्याने अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर किंवा झोपडवस्तीत राहणाऱ्यांना मिळतो. शाळेजवळचे घर मोठी किंमत देऊन विकत घेणाऱ्याला त्या किमतीत असा कोणताच हक्क मिळत नाही.

बांधकाम व्यावसायिकांनी ही पोकळी ओळखली. शहराच्या विकास आराखड्यात शाळांसाठी भूखंड आरक्षित ठेवण्याची पद्धत जुनी आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर हस्तांतरणीय विकास हक्क, ज्यास टीडीआर म्हणतात, आणि आरक्षणाची सोय बांधून देण्याच्या मोबदल्यात उरलेली जमीन विकसित करण्याची मुभा, यांमुळे अशा भूखंडांचे अर्थकारण बदलले. पवईच्या हिरानंदानी गार्डन्ससारख्या वसाहतींत घरे, दवाखाना, बाजार आणि शाळा एकाच संकुलाचे भाग म्हणून उभे राहिले, आणि पुढे ठाणे, पुणे, नवी मुंबई येथील गृहसंकुलांनी हा नमुना उचलला. पार्ल्यात रहिवाशांनी वर्गणी काढून शाळा उभारली होती आणि तिच्या लौकिकाचे मोल दोन पिढ्यांनंतरच्या मालकांना मिळाले; संकुलात ते मोल पहिल्याच विक्रीच्या दरात मोजून घेतले जाते. शाळा अजून नावारूपास यायची असताना खरेदीदार तिच्या भावी लौकिकाचे पैसे आधी देतो, एवढा हा फरक आहे.

दरम्यान पुनर्विक्रीचा अर्थही बदलत गेला. जुन्या घराचा भाव आता त्या घरापेक्षा त्याच्या खालच्या जमिनीवर किती चटई क्षेत्र बांधता येईल, यावर ठरू लागला, आणि सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी शासनाने २००९ मध्ये सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या २०१९ मध्ये सुधारल्या. विमानतळाशेजारच्या पार्ल्यात उंचीवर असलेली मर्यादा, अभिहस्तांतरण झाले आहे की नाही, रस्त्याची रुंदी, संस्थेतील सभासदांचे एकमत, या गोष्टी भावात शाळेपेक्षा जड ठरतात. २००८ मध्ये मोफात दुरुस्ती होऊन मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे व्यावसायिकाने टाळाटाळ केल्यास सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने जमीन संस्थेच्या नावे करून घेण्याची, सोय झाली आणि २०१७ पासून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडील, नोंदणी आली, त्यामुळे कागदपत्रांची स्वच्छता हाच पुनर्विक्रीच्या मूल्याचा कणा बनला. ज्या दोन घरांपासून एकच शाळा सारख्याच अंतरावर आहे, त्यांपैकी एकाच्या संस्थेकडे जमिनीची मालकी आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून त्यांच्या भावांत मोठा फरक पडू शकतो.

या इतिहासातून हाती येते ते शाळा आणि भाव यांतील कोणते पारडे जड, याचे कायमचे उत्तर नव्हे, तर दोन्ही पारड्यांत नेमके काय पडते याची समज. शाळेचा लाभ मूल शिकते तेवढी दहा-बारा वर्षे मिळतो, तो वापरून संपतो आणि विकता येत नाही. शाळेच्या लौकिकाचा लाभ मात्र वस्तीत मुरतो आणि शाळेत पाऊल न टाकणाऱ्यालाही विकता येतो. बिऱ्हाडाच्या काळात कुटुंबाला फक्त पहिला लाभ घेता येत होता, कारण दुसरा त्याच्या मालकीचा नव्हता. १९६३ नंतरच्या मालकाला दोन्ही मिळाले, आणि गिरगावातून डोंबिवलीस गेलेल्या पिढीने ते दोन्ही एकाच घरात मिळवले. आजच्या खरेदीदारापुढे ते पुन्हा वेगळे होऊन येतात : जुन्या वस्तीत तो पूर्वीच्या शाळेच्या लौकिकाची किंमत भरतो, नव्या संकुलात भविष्यातील शाळेची, आणि आपल्या मुलाच्या प्रत्यक्ष शाळेचे शुल्क व बसचे भाडे यांहून निराळे. आयकर कायद्याच्या कलम ८०-सी मध्ये दोन मुलांचे शिक्षण शुल्क आणि गृहकर्जाच्या मुद्दलाची परतफेड या दोन्ही गोष्टी दीड लाख रुपयांच्या एकाच मर्यादेत बसवलेल्या होत्या, आणि बहुतेक नोकरदारांची ती मर्यादा घराच्या हप्त्यांतच भरून जाई. शाळा आणि घर यांना शासनाने एकाच रकान्यात बसवले तेव्हा जागा पुरली ती घरालाच. मध्यमवर्गाच्या हिशेबवहीत ते त्यापूर्वीच घडून गेले होते.